चाळिसाव्या दिवसाचा सभासद

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातल्या बऱ्याच तालुक्यांच्या गावी लायन्स क्लबचा फलक दिसतो. त्यावर सभासदसंख्या लिहायची पद्धत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. दर वर्षी रंगाऱ्याला बोलवावं लागलं असतं, आणि आकडा बहुधा लहानच करावा लागला असता. आज बोलायचं आहे ते या आटत चाललेल्या सभासदसंख्येबद्दल आणि क्लबाच्या सर्वांत जुन्या कामाबद्दल, म्हणजे डोळ्यांबद्दल. क्लबात या दोन समित्या वेगळ्या असतात. दुखणं मात्र एकच आहे. शिबिराच्या दिवशी माणसं मिळतात, शिबिरानंतरच्या चाळीस दिवसांत मिळत नाहीत. आणि ज्या नव्या सभासदाला त्या चाळीस दिवसांत काही काम दिलं नाही, तो पुढच्या वर्षीची वर्गणी भरत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही संघटना १९१७ साली शिकागोत मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट इथल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी सभासदांना अंधांसाठी उभं राहण्याची हाक दिली, तेव्हापासून डोळे हे या मंडळींचं घरचं काम झालं. भारतातला पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९८७ साल उजाडलं, आणि नेत्रकार्याचा 'साइटफर्स्ट' हा जागतिक कार्यक्रम १९९० साली सुरू झाला. आपल्या सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम त्याही आधीचा, १९७६चा. तरीही २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वामागे ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचाच निघाला. म्हणजे दर तीन अंध माणसांतली दोन एका शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू शकतील अशी आहेत.

मग अडतं कुठे? पहिली अडचण पंचांगाची आहे. क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. कोकणात १ जुलै म्हणजे भाताची लावणी, समुद्र बंद, घाटात दरडी. नवे अध्यक्ष पदग्रहण करून स्थिरस्थावर होतात तोवर गणपती येतात. कापणी-झोडणी उरकून नोव्हेंबर उजाडतो. फेब्रुवारी-मार्चात शिमग्याच्या पालख्या, त्याला लागून आंबा-काजू, मग मे महिन्यात पाहुणे आणि आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल. कामाचे महिने हातात उरतात चार, आणि जूनअखेर अध्यक्ष बदलतात. म्हणून नेत्रसमितीचा प्रमुख तरी सलग तीन वर्षं तोच ठेवावा. अध्यक्ष कोणीही होवोत.

गणपतीत शिबिर लावू नये, कोणी येत नाही. पण गणपतीतच यादी करावी, कारण आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवणारा मुलगा त्या आठवड्यात मुंबईहून आलेला असतो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की वाडीत चार घरं फिरून त्याचा होकार आणि मोबाइल नंबर घ्यावा. हा नंबर नसला की नोव्हेंबरात आजी बसमध्ये चढत नाही: "झील येवंदे, मगे बघूया." मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ते दोन महिने खलाशी घरी असतात. त्यांची साखर, रक्तदाब आणि जवळची नजर तपासायला याहून चांगला काळ नाही. एकदा नारळ समुद्रात पडला की ते हाती लागत नाहीत.

आता तपासणी. तिला डॉक्टर लागतोच असं नाही; शिकवलेला सभासद पहिली चाळणी करू शकतो. इंग्रजी ई अक्षर चारी दिशांना फिरवलेला तक्ता घ्यावा, म्हणजे अक्षरओळख नसली तरी बोटाने दिशा दाखवता येते. अंतर मोजपट्टीने ६ मीटर. शाळेच्या वर्गात तेवढं मिळत नसेल तर पडवीत किंवा मांडवाखाली खळ्यात लावावा, पण पाठीमागून ऊन येणाऱ्या दारावर कधीही नको. एक डोळा तळहाताने झाकायचा. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं आणि सगळे पास होतात. जिथे नजर ६/१८ पेक्षा कमी भरते (६/१८ म्हणजे निकोप डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं), तिथे काळ्या पुठ्ठ्याला पाडलेलं साधारण सव्वा मिलिमीटरचं भोक डोळ्यासमोर धरायला द्यावं. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा नंबराचा आहे, चष्म्याने भागेल. तरीही धूसरच असेल तर मोतीबिंदू, पडदा किंवा नस यांतलं काहीतरी आहे, त्याला डॉक्टरांकडे पाठवावं. हे एक भोक शिबिरातली निम्मी गर्दी वळती करतं.

मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा, ही समजूत अजून घट्ट आहे. ती जुन्या तंत्राच्या काळातली. आज कृत्रिम भिंग बसवतात, आणि कामाला अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. अतिपिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो, डोळ्यातला दाब वाढतो, आणि मग नस कायमची जाते. पावसाळ्यात ऑपरेशन करू नये, हीसुद्धा अशीच राहिलेली समजूत. आजच्या शस्त्रक्रियागृहाला ऋतू नसतो. पावसाळ्यात अडचण असते ती वाटेतल्या वहाळाची आणि लावणीत वाकून काम करण्याची. आणि शस्त्रक्रिया कायम शस्त्रक्रियागृहातच. शाळेत फळा बाजूला सरकवून रांगेने ऑपरेशनं करायचे दिवस गेले, ते बरं झालं. शिबिरात तपासायचं, वाहनाने रुग्णालयात न्यायचं, परत वाडीत आणून सोडायचं.

न्यायच्या आदल्या दिवशीच्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली: मधुमेही माणसाला कोणीतरी उपाशी आणतो. रुग्णालयाने तसं सांगितलेलं नसेल तर हलकं खाऊ द्यावं, नाहीतर घाटातच साखर उतरते. दुसरी: चालू गोळ्या घरी राहतात. सगळ्या पाकिटांची पिशवीच बरोबर घ्यावी, विशेषतः लघवीच्या त्रासासाठी पुरुषांना दिलेली टॅमसुलोसिन. ती घेणाऱ्याची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट ताणून राहत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडतो, आणि सर्जनला हे आधी कळलं तर तो तयारीने बसतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तिसरी: नाकालगत डोळ्याच्या कोपऱ्यात दाबल्यावर पू येतो, हे कोणी पाहिलेलंच नसतं. अश्रूंच्या पिशवीतली ती घाण आधी बरी व्हायला हवी, नाहीतर जंतू आत जातात. पायावरची चिघळलेली जखमही सांगावी. आणि बिडीचा खोकला: पाऊण तास नाही, पण वीसएक मिनिटं उताणं शांत पडता आलं पाहिजे.

इथवर क्लब पोहोचतो. फोटो निघतो, बातमी लागते, शालही मिळते. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. थेंब किती दिवस आणि किती वेळा, हे रुग्णालयाच्या कागदावर असतं. बहुधा चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत. आजीला कागद वाचता येत नाही आणि बाटलीचं तोंड पापणीला टेकतं. हात धुऊन, खालची पापणी ओढून, बाटली अधांतरी धरून एक थेंब टाकायचा, एवढं शेजारणीला दाखवून ठेवावं. चुलीचा धूर, डोक्यावरून अंघोळ, वाकून केर काढणं, हे डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी: ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, दिसायला लागलेलं पुन्हा कमी झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय. पहिल्या आठवड्यातला आतला जंतुसंसर्ग एका रात्रीत डोळा घेऊ शकतो. सोमवारच्या गाडीची वाट बघायची नसते.

चाळीस दिवसांच्या सुमारास चष्म्याचा नंबर काढतात. इथे गळती सर्वांत मोठी. डोळा बरा आहे, मग कशाला जायचं? नंबर न घेतल्याने आजीला तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, ती शेजारणीला सांगते की ऑपरेशन करून काही उपयोग झाला नाही, आणि पुढच्या वर्षी त्या वाडीतून कोणी येत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगामागचं पातळ आवरण गढूळ झालेलं असतं, आणि ते लेसरने काही मिनिटांत मोकळं होतं. हेही सांगणारं कोणी नसतं.

आता हिशेब करा. हंगामात ६० शस्त्रक्रिया झाल्या असतील, तर सहा सभासदांना प्रत्येकी दहा रुग्ण. प्रत्येक रुग्णाच्या तीन भेटी: दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी. दुसऱ्या दिवशीची भेट फोनवर चालेल, बाकीच्या दोन घरी जाऊन. एका वहीत नाव, वाडी, कोणता डोळा, तारीख, आधीची नजर, चाळिसाव्या दिवसाची नजर आणि मुंबईचा फोन, एवढे सात रकाने. क्लबाच्या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या लिहितात. त्याशेजारी चाळिसाव्या दिवशी ६/१८ किंवा त्याहून बरं दिसणाऱ्यांची संख्या लिहायला सुरुवात केली, की सभा आपोआप लांबतात आणि हारतुरे आखूड होतात.

हे काम करायला माणूस तालुक्याच्या गावचा नको, वाडीचा हवा. आणि वाडीचा माणूस क्लबात येत नाही, त्याची कारणं साधी आहेत. सभा रात्री आठला हॉटेलात, शेवटची एस.टी. साडेसातला. वर्गणीवर जेवणाचा खर्च निराळा. तरुण मुंबई-पुण्याला. संघटनेच्या नियमांत यावर वाटा आहेत, त्या वापरल्या जात नाहीत. नवा क्लब काढायला किमान २० सभासद लागतात, पण मूळ क्लबाला जोडलेली शाखा पाच जणांतही निघते. एखाद्या बंदरात मच्छीमार सोसायटीचे सचिव, निवृत्त गुरुजी, औषधाचं दुकान चालवणारा, बचत गटाची अध्यक्ष आणि एक निवृत्त परिचारिका, असे पाच सापडतात. त्यांनी आपल्याच देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी पाचला बसावं. एकाच घरातले सभासद असतील तर पहिल्याने पूर्ण आणि पुढच्या चौघांपर्यंत प्रत्येकाने निम्मी आंतरराष्ट्रीय वर्गणी भरायची असते. सासू-सुनेची जोडी या कामाला फार उपयोगी, आणि कोकणात सुनेचा शब्द सासूने मानावा असा दुसरा विषय नाही. १२ ते ३० वर्षांच्या मुलांसाठी लिओ क्लब आहेत. तक्ता लावणं आणि भोकाचा पुठ्ठा देणं त्यांच्याकडे सोपवावं.

एक सूचना खजिनदारांना. वर्गणीचं बिल पटावरच्या नावांवर सहामाही येतं. गाव सोडून गेलेल्यांची नावं जूनअखेर आणि डिसेंबरअखेर कमी केली नाहीत, तर त्यांची वर्गणी उरलेल्यांच्या खिशातून जाते, आणि उरलेलेही मग निघायला लागतात. संख्या फुगवून ठेवण्याचा हा मोह महागात पडतो.

अशा शाखेला वर्षभर पुरेल असं काम मोतीबिंदूपलीकडेही आहे. जवळचे तयार चष्मे घ्या. जाळं विणणारा, कोळंबी सोलणारी, शिवणकाम करणारी, यांना चाळिशीनंतर सुईत दोरा जात नाही. चाळिशीत साधारण एक ते दीड, पन्नाशीत दोन, साठीत अडीच, असा नंबर लागतो. शंभर चष्मे आणायचे तर दीड, दोन आणि अडीचचेच सत्तर आणावेत. माणसाने आपल्या कामाच्या अंतरावर धरून बघावं, वर्तमानपत्राच्या नव्हे. मधुमेह असलेल्यांचा पडदा दर वर्षी बाहुली मोठी करून तपासावा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा मोटरसायकलवर मागे बसून यायचं, हाकायची नाही. चाळिशीनंतर काचबिंदूसाठी दाब आणि नस तपासून घ्यावी, घरात कोणाला असेल तर आधीच.

आणि मार. कापणीत भाताचं कुसळ डोळ्यात जातं, चिरेखाणीत कपची उडते, काजू फोडताना टरफलातलं तेल उडतं, पानाच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटते. चुना, तेल किंवा कलमांवर मारायचं औषध गेलं तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने अर्धा तास धुवायचं, पापणी उलटून चुन्याचे कण काढायचे, आणि मग दवाखाना. कुसळाने ओरखडा पडला तर दुकानातून मिळालेला कुठलाही थेंब टाकू नये. त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशी फोफावते आणि बुबुळावर पांढरा फुलोरा पडतो. नेपाळमधल्या भक्तपूर इथे गावच्या स्वयंसेवकांकरवी असे ओरखडे लवकर शोधून क्लोरॅम्फेनिकॉलचं एक टक्क्याचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं, आणि फार थोड्यांना व्रण झाला. आपल्याकडे हे मलम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून ठेवावं. ट्यूब पेटीत, पेटी आशाताईंकडे किंवा शाखेच्या परिचारिकेकडे, आणि प्रत्येक ट्यूबवर उघडल्याची तारीख. महिना झाला की ती टाकून द्यायची, अर्धी उरली असली तरी.