नकाराखाली सही कोणाची?

मित्रहो, नवं तंत्रज्ञान जबाबदारीने वापरावं, हे आज प्रत्येक सरकारी व्यासपीठावरून ऐकू येतं. त्या जबाबदारीविषयी दिल्लीचं मत मात्र दोन वर्षांच्या आत बरंच सरकलं. १ मार्च २०२४ रोजी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचना काढली: पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेल्स लोकांपुढे आणण्याआधी सरकारची परवानगी घ्या. उद्योगांतून ओरड झाली आणि १५ मार्चला परवानगीची अट गेली. पुढे नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राच्या एआयविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रं आली. त्यांतलं एक सांगतं की, बाकी सगळं समान असेल तर रोखण्यापेक्षा जबाबदार नवनिर्मितीला प्राधान्य द्यावं.

परवानगीराज नको, हे मलाही पटतं. माझं अडतं ते ‘बाकी सगळं समान असेल तर’ या शब्दांवर. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आणि रेशन दुकानात उभी असलेली ऊसतोड मजूर बाई यांच्यात समान काय आहे?

नेदरलँड्समध्ये काय झालं ते बघा. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक कोण करत असेल, हे हेरायला तिथल्या कर खात्याने २०१३पासून अल्गोरिदम, म्हणजे ठरावीक निकषांवर अर्ज छाननारी संगणकीय पद्धत, वापरला. डच नागरिकत्व नसणं, हा त्यात धोका वाढवणारा निकष होता. फाईल तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला हे कुटुंब संशयित का, ते कळतच नसे. हजारो पालकांवर खोटा ठपका आला, घरं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. बारीकशा चुकीसाठी सगळं अनुदान परत मागणारा कडक कायदा होता, आणि तो तसाच राबवणारी माणसं होती. यंत्राने त्यांचा संशय कोणावर वळवायचा ते ठरवलं.

आपल्याकडे याचं उत्तर अर्धं लिहिलेलं आहे, आणि ते आपल्याच अधिकाऱ्यांनी लिहिलंय. कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही, माणूस रिकामी पिशवी घेऊन परत जातो. हे लक्षात घेऊन आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढलं: अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा, अपवादाची नोंद वहीत करा. मला हा सरकारी विचार फार मोलाचा वाटतो. यंत्र चुकणार हे आधीच मान्य करून माणसाचा हक्क त्याच्या वर ठेवला आहे. पण दुकानदाराला ते परिपत्रक माहीतच नसेल, तर त्या बाईच्या हाती काय पडणार?

म्हणून ही तरतूद यंत्रणा आणतानाच शासन निर्णयात हवी. महाराष्ट्राने जून २०२५मध्ये शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. चांगलं पाऊल आहे. उद्या अशाच एखाद्या यंत्रणेच्या आधारे कुणाला लाभ नाकारला गेला, तर त्याचं कारण मराठीत लेखी मिळालं पाहिजे. दाद कोणाकडे मागायची, त्या अधिकाऱ्याचं पद त्यावर छापलेलं असावं. तो निर्णय फिरवण्याचा अधिकार तालुक्यातच असावा, आणि दाद लागेपर्यंत चालू लाभ थांबू नये. शासन निर्णयात एवढ्या चार ओळी घालायला कोणाची परवानगी लागत नाही.