पहिल्या पावसातले पिवळे बेडूक, आणि आपलं शेततळं

राम राम मंडळी! मृग लागला, पहिला दमदार पाऊस झाला, की रात्रभर बांधीकडून, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेताकडून, डराव-डराव सुरू होतं आणि सकाळी गावच्या ग्रुपवर फोटो फिरतात: "पिवळेजर्द बेडूक निघाले, विषारी आहेत का?"

नाहीत. बिलकुल नाहीत. मारू नका त्यांना. हा आपला नेहमीचाच मोठा बेडूक. एरवी मातकट हिरवा असतो. विणीच्या दिवसांत फक्त नर पिवळा होतो, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसतात. त्या फुगवून तो ओरडतो, मादी आवाजाच्या दिशेने येते. वीण सरली की रंगही उतरतो.

आणि हो, ते आभाळातून पडत नाहीत! उन्हाळाभर ते आपल्याच जमिनीत होते. काळ्या मातीच्या भेगांत, बांधाच्या बिळांत, ओल धरून.

आता मुद्द्याचं. एवढी मोठी बोडी (शेताजवळचं मातीच्या बांधाचं तळं), एवढं मोठं शेततळं सोडून हा बेडूक नांगरलेल्या बांधीतल्या वीतभर पाण्यात अंडी का घालतो? कारण त्या पाण्यात मासे नसतात. उन्हाळ्यात कोरडं पडणारं डबकं आपल्याला वाया गेलेली जागा वाटते, पण बेडकासाठी तीच सर्वांत सुरक्षित. उथळ पाणी लवकर तापतं, पिल्लं भराभर वाढतात, आणि डबकं आटायच्या आत पाय फुटून बाहेर पडतात. जोराचा पाऊस पडून मग लांब उघाड पडली, तर सगळी वीण सुकून जाते. म्हणून मादी हजारोंनी अंडी घालते.

सगळे बेडूक असं करत नाहीत. अंगावर खरखरीत गाठी असलेला भेक अंडी घालतो ती जेलीच्या लांब दोऱ्यांमध्ये, आत काळ्या अंड्यांची रांग. झाडावरचा बेडूक तर पाण्यात घालतच नाही. सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या, टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या वर, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला ना, तेच त्याचं घरटं. पिल्लं आतून खाली पाण्यात पडतात. तो गोळा खरवडून टाकू नका, एवढी माझी विनंती आहे.

शेततळ्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत गावोगावी तळी झाली. पाण्यासाठी चांगलंच झालं. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याची बाजू उभी आणि निसरडी असते. बेडूक आत उतरतो, चढू शकत नाही, पोहून पोहून थकतो आणि बुडतो. उपाय सोपा आहे. दोन-तीन ठिकाणी जुना बारदाना किंवा गाठी मारलेला दोर काठाला पक्का बांधून पाण्यात सोडा. साप, सरडे, खारीसुद्धा त्यावरून वर येतात.

आणि बागेत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत बेडकांसाठी तळं करायचं असेल, तर एक काठ उतरता ठेवा, कडेला गवत वाढू द्या, मासे सोडू नका. गप्पी मासेही नाही, ते बेडकाची अंडी आणि लहान पिल्लं खातात. बेडूक दुसरीकडून धरून आणू नका, जवळपास असले तर आपले आपण येतात. डासांची काळजी असेल तर आधी कूलरची टाकी आणि उघडे ड्रम रिकामे करा. शिवाय मोठ्या बेडकाची पिल्लं स्वतःच डासांच्या अळ्या खातात.

फवारणीचा पंप धुतलेलं पाणी मात्र बोडीत किंवा डबक्यात ओतू नका. बेडकाची कातडी ओलसर असते, ती पाणीही शोषते आणि विषही.

बेडकाच्या पायांची निर्यात आपल्या देशाने १९८७ मध्ये बंद केली, कारण शेतातले बेडूक पोत्यांनी उचलले जात होते. आता धोका पोत्याचा कमी, आपल्या काठाचा जास्त आहे.

तुमच्या गावी यंदा कुठल्या पाण्यात बेडूक बोलले, बांधी, बोडी की मामा तलावाचा (जुन्या माजी मालगुजारी तलावाचा) उथळ काठ, कमेंटमध्ये लिहा. शेततळ्यात दोर सोडला असेल तर त्याचा फोटोही टाका, पुढच्या व्हिडिओत दाखवतो.