चावी हवी, चावी!

नमस्कार श्रोतेहो.

नाझारे, अल्कोबासा, बाताल्या, फातिमा, तोमार. पोर्तुगालच्या नकाशावर लिस्बनच्या उत्तरेला ही पाच नावं बोटाने जोडत गेलं, की समुद्राकडून आत जाणारी एक तिरकी रेघ तयार होते. सगळा रस्ता शंभर किलोमीटरच्या आतला. रोड सायकलवाली तयारीची मंडळी तो एका दिवसात संपवतात. मी चार दिवस घेतले. तुम्हीही चार दिवस घ्या, हे सांगायला आज आले आहे. पुन्हा सांगते, शंभर किलोमीटरच्या आतला रस्ता, आणि चार दिवस.

नाझारेचा समुद्र आता मोठ्या लाटांसाठी जगाला माहीत झालाय. मला तिथलं कड्यावरचं छोटं देऊळ आवडलं. वास्को द गामा तिथे दर्शनाला येऊन गेला, असं तिथले लोक सांगतात. तिथून सकाळी निघालं की ऊन चढायच्या आत अल्कोबासा येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सफरचंदाच्या बागा, मध्येच पेअरच्या. चढ आहेत, पण छोटे.

अल्कोबासाचा मठ सिस्टर्शियन साधूंचा, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. ११५३ साली पोर्तुगालच्या पहिल्या राजाने त्यांना ही जमीन दिली. चर्चमध्ये पाऊल टाकलं की पहिल्यांदा काही दिसतच नाही, फक्त उंची जाणवते. शंभर मीटरहून लांब, अरुंद, आणि भिंतींवर सोनं नाही, रंग नाही. पुढे गेल्यावर दोन पांढऱ्या कबरी. एक राजा पेद्रूची, दुसरी त्याच्या प्रेयसीची, इनेश द काश्त्रुची. इनेशला १३५५ साली पेद्रूच्या बापाने, म्हणजे राजानेच, मारवलं. पेद्रू गादीवर आल्यावर त्याने तिच्यासाठी ही कबर घडवून घेतली. दोघांचे पाय एकमेकांकडे केलेत. जगाच्या शेवटच्या दिवशी उठून बसले की पहिल्यांदा एकमेकांनाच बघतील, म्हणून. आणि तिथलं स्वयंपाकघर चुकवू नका. त्यात नदीचं पाणी कालव्याने थेट आत आणलंय, आणि चुलीवरचं धुराडं एखाद्या इमारतीएवढं आहे. बरेच सायकलवाले दारात फोटो काढून पुढे जातात. मला हे पटत नाही. एवढे पाय मारत इथवर यायचं आणि दहा मिनिटं आत जायचं नाही?

बाताल्या म्हणजे लढाई. १४ ऑगस्ट १३८५ रोजी जवळच अल्जुबारोताला पोर्तुगीजांनी कास्तियाच्या, म्हणजे शेजारच्या स्पेनकडच्या राज्याच्या, मोठ्या फौजेला हरवलं आणि राजाने नवस फेडायला हा मठ बांधायला घेतला. शंभर वर्षांहून जास्त काम चाललं, तरी मागच्या बाजूच्या राजघराण्याच्या कबरींच्या दालनांवर छप्पर चढलंच नाही. अजूनही वर नुसतं आभाळ आहे. दगडातली नक्षी पावसात भिजते.

मी माहेरची वसईची. किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमध्ये लपाछपी खेळत मोठी झाले. तिथल्या घंटा चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा आपल्याकडच्या देवळांत गेल्या. मेणवलीची घंटा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाजवलीही असेल. बाताल्यात संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा मला मेणवलीचा घाट आठवला. आता घंटेचा विषय निघालाच आहे, तर एक बोलते. सायकलला घंटी हवीच. वीस हजारांची असो नाहीतर चार लाखांची. मागून वाऱ्यासारखं येऊन चालणाऱ्या माणसाच्या कानाशी ओरडायचं, ही कुठली रीत? आणि कानात गाणी लावून रस्त्यावर उतरणाऱ्यांना तर मी सोबत घेतच नाही.

थोडी कामाची माहिती. गावांतून दगडी फरसबंदी लागते, ओली झाली की निसरडी. तेव्हा टायर अगदी बारीक नकोत, अठ्ठावीस मिलिमीटर तरी असावेत. गावोगावी पाण्याचे झरे आणि नळ आहेत, पण पाणी तपासलेलं नाही अशी पाटी असेल तर बाटली भरू नका. पुन्हा सांगते, पाटी बघा. मोटारीने सायकलस्वारापासून दीड मीटर लांबून जायचं, असा तिथला कायदा आहे. मोटरवेवर सायकल नेता येत नाही. परतताना तोमारहून लिस्बनला रिजनल रेल्वेत सायकल चढवता येते, तिचं वेगळं तिकीट नाही. झालं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. बाताल्याहून फातिमाला निघाले. हा या प्रवासातला खरा चढ. सुरुवातीला रेगेंगू दु फेताल नावाचं गाव लागतं. तिथे शरद ऋतूत मारियेची, येशूच्या आईची, मिरवणूक निघते, तेव्हा गोगलगायींचे हजारो शंख तेल-वातीने पेटवून भिंतींवर, कठड्यांवर लावतात. गोगलगायीच्या शंखांच्या पणत्या! गाव मागे पडलं की चुनखडीचा डोंगर सुरू होतो. दगड रचून केलेले बांध, ऑलिव्हची झाडं, सावली कमी. तिथे माझी सीट खाली सरकायला लागली. सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा, बोल्ट ढिला झाला होता. दोन पायडल मारली की सीट बोटभर खाली. आणि माझी ॲलन की, म्हणजे बोल्ट आवळायची षटकोनी चावी, अल्कोबासाच्या मुक्कामी राहिली होती.

उतरले. सायकल हातात धरून चालायला लागले. पुढच्या वळणावर वीस-बावीस माणसं दिसली. अंगावर चमकणाऱ्या पिवळ्या बंड्या, हातात काठ्या, जपमाळा. फातिमाला पायी जाणारे यात्रेकरू. १३ मे १९१७ रोजी तिथे तीन गुराखी पोरांना मारियेचं दर्शन झालं, असं मानतात. त्या तारखेला देशभरातून लोक चालत येतात. आपल्या वारीसारखं का, असं मला सगळे विचारतात. चालणं तेच. पण पालखी नाही, दिंडी नाही. छोटे छोटे गट, आणि बहुतेकांचा काही ना काही नवस असतो. हा गट पार उत्तरेकडून आला होता. बाताल्याचा मठ बघायचा म्हणून वाट थोडी वाकडी केली होती. रस्त्याकडेला त्यांची गाडी उभी. त्यात पाणी, पाव, औषधं.

मी गाडीवाल्या पोराला बोल्ट दाखवला. इंग्रजीत सांगितलं. त्याला कळेना. त्याने पंप काढून दिला. मी मान हलवली. हाताने फिरवून दाखवलं. त्याने स्क्रूड्रायव्हर दिला. पाच-सहा जण भोवती जमले, जो तो काहीतरी सुचवतोय. शेवटी माझ्या तोंडून मराठीच आलं. म्हटलं, "अहो, चावी हवी, चावी!"

झाडाखाली बसलेल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "चाव!"

चाव. स्वच्छ च. सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला रुमाल, पाय बादलीत बुडवून बसलेल्या. त्या पोराला म्हणाल्या, "चाव, चाव!" पोरगा हसून म्हणाला, "शाव?" आणि गाडीतल्या हत्यारांच्या डब्यातून त्याने षटकोनी चाव्यांचा जुडगा काढला. चौथी चावी बसली.

चावी हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, हे मला माहीत होतं. पण लिस्बनमध्ये मी तो शब्द 'शाव' असाच ऐकला होता. मला वाटायचं, आपल्या लोकांनी बदलला असेल. बदललाय त्यांनी! सोळाव्या शतकात, जेव्हा त्यांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांचे लोक 'च'च म्हणत. पुढे लिस्बनकडे त्याचा 'श' झाला. पोर्तुगालच्या ईशान्येच्या डोंगराळ त्राज-उश-मोंतश भागात जुन्या माणसांच्या तोंडी तो च अजून आहे. आजी तिकडच्याच. वसईच्या बाईचा च आणि त्यांचा च त्या चढावर एकमेकांना भेटले. मराठी शुद्ध करायची म्हणून असे शब्द वेचून बाहेर काढणाऱ्यांशी माझं कधी जमणार नाही. चावी आपली आहे. पाव आपला आहे. चारशे वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणायचं नसतं.

मग आजींनी मला जवळ बसवलं. "फिल्या," म्हणाल्या, म्हणजे लेकी. पायाखालच्या बादलीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "बालदी." आमच्या वसईत बालदीच म्हणतात. त्यांच्याकडे तो शब्द बाल्द. आजी टाळ्या वाजवायला लागल्या. कोबीला कोव्ह, परातीला प्रातु. ज्याला जे सुचेल ते बोट दाखवून विचारायला लागला. बालदीत मिठाचं कोमट पाणी होतं आणि आजींच्या टाचांना फोड आले होते. त्या किती दिवस चालत होत्या, ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. दोन्ही हातांची बोटं संपली.

सीट घट्ट झाली होती. मला सायकलवर बसून पुढे जाता आलं असतं. मी नाही बसले. सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालले. तासाला दहा-बारा किलोमीटरच्या चढाला मी हळू म्हणत होते. त्यांच्याबरोबर तो वेग चारावर आला. तेव्हा मला रस्त्याकडेचे क्रूस दिसायला लागले, बांधावरची जंगली लसूण दिसली, दगडांतून निघालेली सुवासिक पानं चुरगळून कुणीतरी माझ्या नाकाशी धरली.

फातिमाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथलं मोठं पटांगण उतरतं आहे, आणि त्यात गुळगुळीत दगडाची एक लांब पट्टी छोट्या प्रार्थनामंदिरापर्यंत जाते. नवस असलेले लोक त्या पट्टीवरून गुडघ्यांवर चालत जातात. सायकल मी गाडीपाशी ठेवली. आजींनी पट्टीपाशी बूट काढले आणि काही न बोलता माझ्या हातात दिले. गुडघ्यांवर बसल्या. एका बाजूने त्यांची सून हात धरून, दुसऱ्या बाजूने मी बूट घेऊन. नवस कशाचा, मी विचारलं नाही. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा निघाल्या. रात्री मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली. सगळं पटांगण उजेडाने भरलं. मी अजूनही तशी रात्र दुसरी पाहिलेली नाही.

म्हणून म्हणते, मे महिन्यात त्या रस्त्याने गेलात, तर पिवळ्या बंड्या दिसल्यावर वेग कमी करा. घंटी लांबून वाजवा, हळू. जमलं तर उतरा.

तोमारसाठी आता दोनच मिनिटं उरलीत. तिथला मठ ११६० साली टेंपलर शूरवीरांनी, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या साधू-सैनिकांनी, किल्ला म्हणून सुरू केला. त्यांचा पंथ बुडाल्यावर १३१९ साली राजाने त्याऐवजी ख्रिस्ताचा पंथ काढला, आणि पुढे तोमार त्याचं ठाणं झालं. वास्को द गामाच्या शिडांवर जो लाल क्रूस होता, तो या पंथाचा. तशी शिडं पुढे आमच्या वसईपर्यंत आली. आतलं गोल चर्च आणि दगडात दोरखंड, समुद्रशेवाळ कोरलेली ती एक खिडकी, यांसाठी अख्खी सकाळ ठेवा.

मी मात्र तोमारला आधी हत्यारांच्या दुकानात गेले. आजींची चावी मी परत दिली होती. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, "चाव." तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "उत्तरेकडच्या का तुम्ही?"