उजेड आधी, आवाज मागून

(सोलापुरातील एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

विषय छापलाय ‘माहितीपटांतली बंदूक’. पत्रिका वाचून एकजण दारातच म्हणाला, “काय ओ सर, लायसन काढताय की काय?” नाही बाबा, माझं लायसन फक्त लुनाचं.

माझं दुखणं आहे आवाजाचं. टीव्हीवर कुणी नुसती बंदूक उचलली तरी ‘खटॅक!’ १८५७ वरचा एक कार्यक्रम बघत होतो, नाव सांगत नाही. शिपायानं एनफील्ड खांद्याला लावली आणि खटॅक! अहो, ती तोंडाकडून ठासायची बंदूक. काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं खाली दाबायची, ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक टोपी बसवायची, मग घोडा ओढायचा. हा खटॅक पंप-ॲक्शन शॉटगनचा, नळीखालची मूठ मागंपुढं सरकवायच्या बंदुकीचा! आणि ज्या काडतुसाच्या चरबीवरून उठाव पेटला म्हणून निवेदक घसा कोरडा करतो, ते दातानं फाडताना एकदाही दाखवलं नाही. मी ओरडलो. आतून ही म्हणाली, “सुटली वाटतं तुमची बंदूक. दूध उतू गेलं माझं.”

गड्ड्याच्या जत्रेत नातवाला होम मैदानावर दारूकाम बघायला नेलं. गर्दीमुळं लांबच उभे होतो. आभाळात उजेड फुटला, धडाम मागून आलं. पोरगं म्हणतं, “आजोबा, याचा आवाज अडकतोय.” टीव्हीत दोन्ही जुळवलेले असतात ना! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. थ्री-नॉट-थ्री रायफलीची गोळी नळीतून निघताना त्याच्या दुप्पट वेगानं. लांबून मारलेल्याला बार ऐकूच येत नाही, गोळी आधी पोचते. माहितीपटात मात्र आधी धडाम, मग पळापळ, मग एकजण सावकाश पडणार.

आपल्या शेजारच्या विजापूरची मुलुखमैदान तोफ घ्या. वजन सांगतात, १५४९ साली अहमदनगरात ओतली तेही सांगतात. बत्ती दिल्यावर कान वाचवायला गोलंदाज जवळच्या हौदात बुडी मारायचा म्हणे. दंतकथा असेल, पण तोफ म्हणजे काय ते त्या हौदावरून कळतं. कॅमेरा तिकडे वळतच नाही.

चिठ्ठी? पाचच मिनिटं? खरा विषय राहिलाच की ओ.

तर, मे १९३०. आपलं गाव. इंग्रज सरकारचा गर्दीवर गोळीबार, मग लष्करी कायदा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा फाशी गेले. चार पुतळ्यांवरून रोज जातो आपण. यावर उद्या कुणी माहितीपट केला, तर काय होणार? कॅमेरा बंदुकीच्या मागं. बोल्ट चकाकणार, रिकामं काडतूस संथ गतीत उडणार, वर संगीत. बघणारा नकळत चाप ओढणाऱ्याच्या डोळ्यानं बघतो. माझं म्हणणं एवढंच, कॅमेरा गर्दीत ठेवा. माणूस आधी पडू दे, बार नंतर ऐकू येऊ दे.

हे मी एका निर्मात्याला पत्रानं कळवलं होतं. उत्तर आलं: प्रेक्षकांना वाटेल, प्रसारणात बिघाड आहे.