डीरेलर बदलायच्या आधी केबल बघा

आधी हा आवाज ऐका. खट… खट… आणि गिअर पडतच नाहीये. कात्रजच्या चढावर घेतलंय हे, पावसाळा नुकताच संपलेला, सायकल वीसेक वर्षांची, स्टीलची फ्रेम, मागे आठ चक्रं. लहान चक्रावरून मोठ्यावर चेन मस्त चढते, पण मोठ्यावरून लहानवर येताना लिव्हर क्लिक होतो आणि चेन तिथेच, मग चार पॅडल मारल्यावर धाडकन पडते. एका दुकानात सांगितलं डीरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, गेला, शिफ्टर, म्हणजे तो गिअरचा लिव्हर, तो पण बदला, त्यापेक्षा नवीन सायकलच घ्या ना.

आता स्टँडवर बघा. सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेलाच नाही. आपण काय करतो, गिअर बिघडला की लगेच ते दोन छोटे स्क्रू पिळत बसतो, पण ते फक्त चेन दोन्ही टोकांना बाहेर जाऊ नये म्हणून असतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही.

मोठ्या चक्रावर जाताना केबल आपली बोटं ओढतात, भरपूर जोर असतो. परत येताना मात्र सगळं काम डीरेलरमधल्या स्प्रिंगवर, त्यामुळे केबल कुठे अडत असेल तर ते उतरतानाच कळतं. जुन्या दांडीवाल्या शिफ्टरला क्लिक नव्हता, लोक कानाने ऐकून दांडी जराशी पुढेमागे करायचे आणि भागायचं. शिमानो कंपनीने १९८४ मध्ये आपल्या ड्युरा-एस या रेसिंगच्या गिअर सेटला क्लिकवाले गिअर दिले, १९९० मध्ये तेच ब्रेकच्या लिव्हरमध्ये बसवले, आणि तिथून सगळा हिशोब केबलवर आला. या आठवाल्या सेटमध्ये एका क्लिकला केबल साधारण २.८ मिलिमीटर सरकते आणि डीरेलर ४.८, म्हणजे केबल अर्धा मिलिमीटर जरी अडली तरी डीरेलर पाऊण मिलिमीटरच्या वर चुकतो.

ही युक्ती लक्षात ठेवा. चेन मोठ्या चक्रावर ठेवायची, पॅडल न फिरवता लिव्हर सगळा खाली सोडायचा, केबल ढिली पडते. मग आउटर, म्हणजे केबलवरची नळी, फ्रेमच्या खाचेतून काढून हाताने मागेपुढे सरकवायचा, नट उघडायची गरज नाही. पुढचा तुकडा सरकला, पण डीरेलरजवळचा शेवटचा वळसा बघा, हलतच नाही. ओढून काढला आणि आतून हे आलं, लाल गंजाचं पाणी आणि काळा चिखल.

आणि हा तुकडा जवळून बघा, हा गिअरचा आउटर नाहीच! ब्रेकचा आहे, ५ मिलिमीटरचा, आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी, ताण आला की तो दबतो आणि क्लिकचं माप तिथेच जातं. गिअरचा ४ मिलिमीटरचा, त्यात सरळ लांब तारा असतात, तो दबत नाही. कुणीतरी हाताला आला तो टाकून दिला होता आणि बोल मात्र बिचाऱ्या डीरेलरला.

नवा आउटर कापल्यावर तोंड दबतं, काकांनी ते कानशीने सपाट केलं, दाभणाने भोक मोकळं केलं, मग टोपी. पॅडलचा आस फ्रेममधून जातो त्याच्या खाली केबलसाठी प्लॅस्टिकची खाच असते तिथलं वाळलेलं चिखल-ग्रीस ब्रशने काढलं. चेनही मोजली, साध्या फूटपट्टीने, पिनपासून पिनपर्यंत बारा इंच. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला की चेन बदला, आठवा भाग झाला तर कॅसेटही, म्हणजे मागची सगळी चक्रं, गेली समजा. ही अजून चांगली आहे.

चेन मोजायची ती यासाठी, चढावर उभं राहून पॅडल मारताना चेन निसटली तर माणूस सरळ तोंडावर पडतो, हे असं.

तोच चढ, दुसरा दिवस. क्लिक… क्लिक… खाली. डीरेलर तोच, शिफ्टर तोच. नवी केबल पहिल्या काही राईडमध्ये जरा ढिली पडते, मोठ्या चक्रावर जायला आळस करायला लागली की मागचा बॅरल, म्हणजे केबल डीरेलरमध्ये शिरते तिथला हाताने फिरवायचा नट, घड्याळाच्या उलट अर्धा वळसा फिरवा.