टांगाईलचं आकाश, कॉक्स बाजारचा किनारा

[दृश्य: नकाशा. जमालपूर, टांगाईल, ढाका]

११ डिसेंबर १९७१, बांगलादेश मुक्तीचं युद्ध. दिवस कलताना टांगाईलजवळच्या आकाशात छत्र्या उघडू लागल्या. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची २ पॅरा बटालियन, भारतीय लष्कराची छत्रीधारी पलटण, शत्रूच्या मुलखात उतरत होती. काम नेमकं होतं: लोहजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट अडवायची.

छत्र्या सगळ्यांना दिसल्या. त्याआधीचं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. कॅप्टन पी. के. घोष आधीच सीमा ओलांडून कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीला, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेला, जाऊन मिळाले होते. उतरायची जागा त्यांनी डोळ्यांखालून घातली होती, आणि पलटण उतरली तेव्हा तिथे मुक्तिवाहिनीचा पहारा होता.

[दृश्य: विमानाचं उघडं दार]

उडीच्या वेळी विमान सेकंदाला पन्नास-साठ मीटर पुढे जात असतं. दारात एखादा जवान क्षणभर जरी अडखळला, तरी त्याच्या मागचे सगळे तेवढे लांब पडतात. शिवाय वारा. टांगाईललाही काही जण आणि काही सामान भलतीकडेच जाऊन पडलं. ते गोळा करायला गावकरी धावून आले, दारूगोळ्याच्या पेट्या त्यांनी वाहून आणल्या. अंधार पडल्यावर पूल हाती आला. रात्रभर पाकिस्तानी तुकड्या त्यावर चालून आल्या आणि मागे रेटल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी जमालपूरच्या बाजूनं १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण, येऊन भिडली. २ पॅराची मुळंही मराठा रेजिमेंटमधलीच. आकाशातून आलेले आणि रस्त्यानं लढत आलेले, दोघांचा वारसा एकच! ही भेट महाराष्ट्रात पोराटोरांनाही ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: कॉक्स बाजारचा समुद्रकिनारा]

टांगाईलनंतर तीनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, दक्षिणेला कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर दुसरी मोहीम सुरू झाली. पाकिस्तानी सैन्यानं ब्रह्मदेशाकडे निसटू नये म्हणून गुरखा जवानांना समुद्रमार्गे उतरवायचं होतं. घाईत ठरलेली मोहीम. या किनाऱ्याची आधी नीट पाहणी झालेलीच नव्हती.

सैन्य उतरवणारं जहाज बुडाला सपाट असतं. ते किनाऱ्याच्या वाळूवर नाक टेकवतं, पुढचं दार उघडतं आणि जवान उताराच्या फळीवरून खाली येतात. मागे टाकलेला नांगर ओढून जहाज पुन्हा पाण्यात सरकतं. हे सगळं जमतं ते वाळूचा उतार योग्य असेल तरच. उथळ किनाऱ्याला बरेचदा समांतर दांडे, म्हणजे पाण्याखालचे वाळूचे उंचवटे, असतात. जहाज दांड्यावर टेकलं की किनारा आला असं वाटतं, पण दांडा आणि किनारा यांच्यामध्ये पुरुषभर खोल पाणी असू शकतं. नुसत्या नजरेला ते कळत नाही. त्यासाठी कुणीतरी आधी गुपचूप जाऊन खोली मोजावी लागते, भरती-ओहोटीच्या वेळेशी ताडून पाहावी लागते.

कॉक्स बाजारला हेच घडलं. जहाज किनाऱ्यापासून लांबच अडलं. पाठीवर ओझं, हातात शस्त्र अशा अवस्थेत पहिले जवान पाण्यात उतरले, आणि त्यांतले दोघे बुडाले. किनाऱ्यावर शत्रू नव्हताच. एकही गोळी झाडली गेली नाही. उरलेल्यांना होड्यांनी आणावं लागलं आणि त्यात मोलाचा वेळ गेला.

१६ डिसेंबरला २ पॅरा ढाक्यात शिरली, त्याच दिवशी पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. विजयाच्या त्या जल्लोषात कॉक्स बाजारच्या दोन गुरख्यांचं नाव क्वचितच कुणी घेतलं. पुढे १९८७ मध्ये नौदलानं आपलं सागरी कमांडो दल उभारलं. सैन्य उतरण्याआधी किनाऱ्याची पाहणी करून येणं, हे आज त्या दलाच्या कामांपैकी एक आहे.