न वापरलेली आरआरएसपी मर्यादा बुडत नाही

आरआरएसपी (कॅनडातले निवृत्तीसाठीचे बचत खाते, ज्यात भरलेली रक्कम करपात्र मिळकतीतून वजा करता येते) आणि टीएफएसए (ज्यातील वाढीवर कर लागत नाही असे बचत खाते) यांपैकी बचत आधी कोठे ठेवावी, हा आजचा जाहीर केलेला विषय आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र दर फेब्रुवारीत कॅनडातल्या आपल्या घरांमध्ये जी अनाठायी धांदल उडते, तिच्याविषयी आधी बोलणे मला अधिक निकडीचे वाटते.

माझ्या परिचयाच्या एका नवविवाहित जोडप्यातील पत्नी परवान्याच्या परीक्षांचा अभ्यास करत ऑन्टारिओतल्या एका औषधाच्या दुकानात सहायक म्हणून काम करत होती. वर्षाची मिळकत सुमारे तीस हजार डॉलर असल्याने, मिळकतीच्या अठरा टक्क्यांच्या नियमाप्रमाणे, तिच्या नावावर 5,400 डॉलरची मर्यादा, म्हणजे आरआरएसपीत तेवढे भरण्याची मुभा, तयार झाली. हाताशी पैसे नव्हते. त्यांच्या बँकेतल्या सल्लागाराने मात्र सांगितले, की वर्षारंभीच्या साठ दिवसांची मुदत टळली की ही मर्यादा कायमची गेली; आणि त्याच बैठकीत आरआरएसपीत भरण्यासाठी कर्जाचा अर्जही पुढे केला. दोघांनी कर्ज काढले आणि सर्वांत खालच्या कर-टप्प्यावर वजावट घेऊन टाकली. पुढच्याच वर्षी ती परवानाधारक फार्मासिस्ट झाली आणि मिळकत लाखापलीकडे गेली. तीच वजावट त्या वर्षी घेतली असती, तर कराची बचत दीडपटीहून अधिक झाली असती आणि व्याजही वाचले असते. परक्या देशात नव्याने उभे राहणाऱ्या माणसांना अशी अर्धवट माहिती देणे मला अक्षम्य वाटते. ती मुदत केवळ मागील वर्षाच्या करातून वजावट मिळवण्यापुरती असते, मर्यादेच्या अस्तित्वाशी तिचा संबंध नसतो, एवढे एक वाक्य त्या सल्लागाराने सांगणे पुरेसे होते.

आरआरएसपी 1957 पासून आहे. न वापरलेली मर्यादा पुढे नेण्याची सोय मात्र 1991 मध्ये, तीही सात वर्षांपुरती, आली आणि 1996 च्या अर्थसंकल्पाने ती कालमर्यादा काढून टाकली. मला ही तरतूद केवळ कराची सवलत वाटत नाही. बाळंतपण, आजारी आईवडिलांची शुश्रूषा, नोकरी सुटणे, नव्या देशात पुन्हा परीक्षा देणे, अशी वर्षे ज्यांच्या आयुष्यात येतात त्यांना कायद्याने दिलेली ती सवड आहे. आपल्याकडच्या पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाची मर्यादा असते. एखाद्या वर्षी चाळीस हजारच भरता आले, तर उरलेले एक लाख दहा हजार पुढच्या वर्षी जास्तीचे भरता येत नाहीत. ज्या राज्यात शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर हेलकावते, तेथे असा नियम स्थिर पगारदारालाच झुकते माप देतो, आणि तो बदलावा असे मला मनापासून वाटते.

वेळ संपत आल्याची खूण मला झाली आहे, तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मिळकत आज कमी आणि पुढे वाढणार असेल, तर सामान्यतः आधी टीएफएसए भरावे. त्याचीही मर्यादा साठत जाते, आणि काढलेली रक्कम पुढच्या जानेवारीत मर्यादेत परत जमा होते, जे आरआरएसपीत होत नाही. मात्र टीएफएसएची मर्यादा 2009 पासून सर्वांना मिळते असे समजू नका. आपण ज्या वर्षी कॅनडाचे रहिवासी झालो, तेव्हापासूनच ती मोजली जाते. मिळकत वाढली की साठलेली आरआरएसपी मर्यादा वापरावी. रक्कम आज भरून तिची वजावट पुढच्या एखाद्या वर्षी घेण्यासही कायद्याची मुभा आहे. नोकरीतला मालक तुमच्या बचतीत स्वतःचाही वाटा भरत असेल, तर तो घेणे या सर्वांच्या आधी येते. आपल्या आरआरएसपी मर्यादेचा नेमका आकडा कर विभागाच्या नोटीस ऑफ असेसमेंटमध्ये, म्हणजे विवरणपत्र तपासून विभाग पाठवतो त्या पत्रात, छापलेला असतो. तो न पाहता भरू नये, कारण मर्यादेपेक्षा 2,000 डॉलरहून अधिक जास्तीची रक्कम राहिली, तर त्यावरील भागाला दरमहा एक टक्का कर लागतो. वयाच्या 71 व्या वर्षाच्या अखेरीस स्वतःचे खाते बंद करावे लागते, परंतु जोडीदार त्याहून लहान असेल, तर स्वतःची शिल्लक मर्यादा वापरून त्याच्या खात्यात त्यानंतरही भरणा करता येतो.